जुनी लादी, नवं न्हाणीघर आणि गच्चीवरचे तुकडे

आमची इमारत पुण्यातली, १९७८ सालची, तीन मजली, बिनलिफ्टची. सगळ्यात वरच्या मजल्यावर आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आणि त्याला लागून गच्ची. गेल्या वर्षी घराचं काम काढलं तेव्हा पहिला वाद झाला तो जमिनीवरून. घरभर दहा बाय दहा इंचाची मोझॅकची लादी होती. फिकट पिवळट सिमेंट आणि त्यात पांढऱ्या, काळ्या, विटकरी मार्बलच्या चिप्स. त्या काळात बांधलेल्या कितीतरी मराठी घरांत ही लादी आहे, आणि घराचं काम निघालं की पहिली कुऱ्हाड तिच्यावरच पडते. आमच्याकडे आलेला प्रत्येक कंत्राटदार तेच सांगत होता, "ही उखडून टाकू, चार बाय दोन फुटांची व्हिट्रिफाइड टाइल घालू, घर उजळून निघेल."

मला ती लादी ठेवायची होती, आणि सगळा खर्च मांडून पाहिल्यावर तर माझं मत आणखी पक्कं झालं. आमच्याकडे जमीन साधारण सहाशे चौरस फूट. दहा इंची लादीची जाडी २२ मिलिमीटर. आपल्याकडच्या भारतीय मानकात, आयएस १२३७ मध्ये, २५ सेंटीमीटरच्या लादीला हीच जाडी दिली आहे. तिच्याखाली मालाचा तेवढाच किंवा त्याहून जाड थर. दोन्ही मिळून एका चौरस मीटरला शंभर किलोच्या वर वजन भरतं. म्हणजे पाच-सहा टन राडारोडा घमेल्याघमेल्याने तीन जिने उतरवायचा, आणि नवी टाइल, वाळू, सिमेंट परत तीन जिने चढवायचं. जुन्या लादीवरच नवी टाइल चिकटवायचा दुसरा पर्याय होता. त्यात टाइल आणि अढेसिव्ह मिळून जमीन बारा ते पंधरा मिलिमीटर वर येते. मग सगळी दारं खालून तासायची, बाथरूमचे उंबरे वाढवायचे, बाल्कनीच्या दारातलं पाणी आत येऊ नये म्हणून तिथे आणखी काहीतरी करायचं. एवढं सगळं कशासाठी, तर खाली उत्तम अवस्थेत असलेली वस्तू झाकायला.

आणि ती उत्तम होती. स्वयंपाकघरात एक लादी तडकली होती, ती मिस्त्रींनी छिन्नीने काढली तेव्हा तिच्या मोडलेल्या कडेवर दोन थर स्पष्ट दिसले. खाली करडा, खरखरीत, नुसत्या सिमेंट-वाळूचा. वर पाचेक मिलिमीटरचा पिवळट थर, त्यात चिप्स अगदी एकमेकींना खेटून बसलेल्या. हा वरचा थर म्हणजेच मोझॅक. पॉलिश करताना त्यातला मिलिमीटरहून कमी भाग जातो, म्हणजे पंचेचाळीस वर्षं वापरलेल्या जमिनीत अजून बऱ्याच घासाया शिल्लक होत्या. व्हिट्रिफाइडच्या चकचकीत टाइलला चरा पडला की तो कायमचा. या लादीवरचा चरा घासला की खालून तशीच लादी वर येते. मिस्त्री मूळचे लातूरकडचे, बारीक कामाची आवड असलेले. त्यांनी तो तुकडा हातात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "ताई, ही प्रेसची लादी आहे. दाबून केलेली. असली आता सांगून करून घ्यावी लागते."

खरी अडचण वेगळीच होती. हॉल आणि बाल्कनीलगतची छोटी खोली यांच्यामधली अर्ध्या विटेची भिंत आम्ही काढणार होतो. ती निघाल्यावर जमिनीत भिंतीएवढ्या रुंदीची, दहा फूट लांबीची उघडी पट्टी राहणार. तिथे लावायला जुनी लादी कुठून आणायची? शिवाय पाच-सहा लाद्या ठिकठिकाणी तडकलेल्या होत्या, त्या बदलायच्या होत्या.

तडकलेल्यांचा प्रश्न घरातच सुटला. जुन्या घरांत भिंतीतल्या कपाटांच्या तळाशीही तीच लादी घातलेली असते. आमच्या दोन्ही बेडरूममधल्या कपाटांच्या खणाखाली आणि ओट्याखालच्या कोपऱ्यात मिळून चौदा लाद्या निघाल्या, एकीवरही पाय पडलेला नाही. त्यांचा रंग हॉलमधल्या लादीपेक्षा गडद दिसत होता, पण सगळं एकत्र घासल्यावर फरक उरला नाही. ज्यांना जुनी लादी राखायची आहे त्यांनी बाजारात शोधाशोध करण्याआधी स्वतःची कपाटं रिकामी करून पाहावीत. नाहीतर आजूबाजूला पुनर्विकासाला निघालेली त्याच काळातली इमारत गाठावी. पाडकामवाले दारं-खिडक्या विकतात, लादी मात्र फोडून टाकतात. आधी सांगून ठेवलं तर अख्ख्या लाद्या काढून देतात.

पट्टीसाठी मी जागेवरच मोझॅक ओतून घ्यायचं ठरवलं. जुनी शाळा-कॉलेजं, इस्पितळांचे जिने आणि व्हरांडे यांत हे काम असायचं: पितळेच्या किंवा काचेच्या पट्ट्यांनी चौकटी आखायच्या, त्यात रंगीत सिमेंट आणि चिप्सचा माल भरायचा आणि सुकल्यावर घासून काढायचा. सध्या याच कामाला टेराझो म्हणून पुन्हा मागणी आली आहे. मिस्त्रींनी हे काम तरुणपणी एका जुन्या कारागिराच्या हाताखाली केलं होतं, आणि विषय काढताच त्यांचा चेहरा उजळला.

रंग जुळवणं हा या कामातला सगळ्यात आनंदाचा भाग. चिप्स मार्बलच्या दुकानातून गोण्यांत मिळतात, नंबरांप्रमाणे बारीक-मोठ्या. पांढऱ्या आणि काळ्या लगेच मिळाल्या, विटकरी मात्र दोन दुकानं फिरून. आम्ही जुन्या टाइलच्या तुकड्यांवर हातभर अंतराने नमुने ओतले. एकात नुसतं पांढरं सिमेंट आणि पिवळा ऑक्साइड, दुसऱ्यात थोडं करडं सिमेंट, तिसऱ्यात ऑक्साइड आणखी कमी. ओलं सिमेंट गडद दिसतं, त्यामुळे त्या क्षणी काहीच कळत नाही. नमुने आठवडाभर पाण्यात ठेवले, मग हातदगडाने घासले, वाळवले आणि दुपारच्या उजेडात जुन्या लादीशेजारी मांडले. पांढऱ्यात करड्याची किंचित भर घातलेला नमुना जवळजवळ तंतोतंत बसला. पांढरं सिमेंट कितीही रंगवलं तरी त्याला जुन्या लादीचा मळकट सौम्यपणा येत नव्हता. तो करड्याने आला.

पट्टी ओतली त्या दिवशी मी तिथून हलले नाही. दोन्ही कडांना पितळेच्या पट्ट्या, खाली खरबरीत केलेला काँक्रीटचा थर, त्यावर सिमेंटचं पाणी. सिमेंटमध्ये थोडी मार्बल पावडर, मग एकास पावणेदोन या मापाने चिप्स, आणि पाणी इतकं बेताचं की माल घट्ट शिऱ्यासारखा राहावा. तो पितळेच्या पट्टीच्या किंचित वर भरला. मग मिस्त्रींनी लोखंडी रूळ फिरवायला सुरुवात केली. प्रत्येक फेरीला सिमेंटचं पाणी वर येत होतं आणि चिप्स खाली एकमेकींच्या जवळ सरकत होत्या. जिथे सिमेंट जास्त दिसलं तिथे ते मूठभर चिप्स पेरायचे आणि पुन्हा रूळ. "चिप्स दाट बसल्या पाहिजेत. मधे नुसतं सिमेंट राहिलं तर पॉलिशला ते भोकं दाखवतं," ते म्हणाले. नंतर आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली पट्टी झाकून ठेवली.

मग घासाई. यंत्र, त्याखाली कार्बोरंडमचे दगड आणि सतत पाणी. आधी साठ नंबरचा खरखरीत दगड, मग त्याहून बारीक, शेवटी तीनशेवीस. पहिल्या घासाईनंतर लादीवर टाचणीच्या डोक्याएवढी असंख्य भोकं उघडी पडतात. ती त्याच रंगाच्या सिमेंटच्या लगद्याने भरायची, चार-पाच दिवस ओली ठेवायची आणि मगच पुढचा दगड लावायचा. याच टप्प्यावर पॉलिशवाले घाई करतात, कारण यंत्र अडकून पडतं. थांबायचे दिवस आधी ठरवून घेतले तर भांडण होत नाही. घासाईतून निघणारं पाणी पिठासारखं दाट असतं. ते न्हाणीच्या जाळीत सोडलं तर पाइपात सिमेंट बसतं. आम्ही ते बादल्यांनी उचललं, पिंपात निवळू दिलं आणि तळाचा गाळ राडारोड्यात टाकला.

शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडची पावडर, चौरस मीटरला तीसेक ग्रॅम, ओल्या लादीवर पसरून कापडी गादीने घासतात. तिने मार्बलला तकाकी येते. पॉलिशवाल्यांना आरशासारखी चमक हवी होती, डायमंड पॅड लावून तीन हजार नंबरापर्यंत जाऊ म्हणत होते. मी नको म्हटलं. सासूबाई सत्तरीच्या पुढच्या आहेत, घरात अनवाणी वावरतात, आणि ओल्या चकचकीत जमिनीवरून पाय सटकायला वेळ लागत नाही. खिडकीचा उजेड जमिनीवर मऊ पसरावा, पण ट्यूबलाइटची रेघ दिसू नये, इतपत चमक आम्ही ठेवली. वर एक आत मुरणारा सीलर, म्हणजे सिमेंटच्या बारीक छिद्रांत तेल-हळद शिरत नाही.

हॉलची पट्टी आता शोधूनच दिसते. पितळेच्या दोन बारीक रेघा दिसतात, त्यांच्यामधला माल आणि बाजूची लादी एकच वाटते. भिंत जिथे होती तिथे तिची खूण राहिली, ती मला आवडते.

*

बाथरूमचा निर्णय उलट्या बाजूने सुरू झाला. तिथली आठ बाय आठची पांढरी टाइल पोकळ वाजत होती, आणि खालच्या काकूंच्या छताला ओल येत होती. तिथे सगळं उखडण्यावाचून इलाज नव्हता. मला शॉवरच्या भिंतीला काचेचं मोझॅक हवं होतं, म्हणजे काचेचे बारीक चौकोनी तुकडे जुळवलेले शीट. ते पहिल्यांदा दुकानात पाहिल्यावर कुणालाही अख्खं बाथरूम त्यानेच मढवावंसं वाटतं. माझं ठाम मत असं की तसं करू नये. बारीक तुकड्यांचं काम जिथे मोठी टाइल कमी पडते तिथे घ्यावं: उतार, गोलाई, कोनाडा, छोटी भिंत. बाकी ठिकाणी मोठी टाइल स्वस्त पडते आणि पुसायलाही सोपी.

याचं कारण सांध्यांत आहे. काचेच्या मोझॅकचा नेहमीचा शीट साधारण ३२ सेंटीमीटरचा, त्यात वीस मिलिमीटरचे पंधरा गुणिले पंधरा, म्हणजे २२५ तुकडे, आणि तुकड्यांमध्ये दीड मिलिमीटरचा सांधा. मी बसून गणित केलं तर भिंतीचे शंभरातले तेरा-चौदा भाग नुसते सांधे निघतात. चार बाय दोनच्या टाइलला दोन मिलिमीटरचा सांधा धरला तर तेच प्रमाण जेमतेम अर्धा टक्का. म्हणजे मोझॅक घेताना आपण काचेइतकंच ग्राउटही, म्हणजे सांध्यांत भरायचा रंगीत लगदाही, निवडत असतो. दुकानात नमुन्याच्या पाटीवर बहुतेक वेळा पांढरं ग्राउट भरलेलं असतं. तोच शीट करड्या ग्राउटने भरला की रंग एक छटा खाली उतरतो, गडद ग्राउटने प्रत्येक तुकडा सुटा दिसायला लागतो. मी दुकानातून एक सुटा शीट विकत आणला, त्याचे तीन भाग केले आणि तीन ग्राउट भरून पाहिले. तिथल्या हॅलोजनखाली जो निळा खुलत होता तो आमच्या उत्तरेच्या खिडकीच्या उजेडात मलूल वाटला. शेवटी राखाडी हिरव्याच्या चार छटांचं मिश्रण आणि फिकट करडं ग्राउट ठरलं. गडद निळे-काळे शीट मी आधीच बाजूला ठेवले होते. उन्हाळ्यात आमच्याकडे बोअरचं पाणी मिसळतं, आणि गडद काचेवर क्षारांचे पांढरे ठिपके दुसऱ्याच दिवशी दिसायला लागतात.

शीट दोन प्रकारचे येतात. एकात तुकड्यांच्या मागे जाळी असते, दुसऱ्यात पुढच्या अंगाला कागद. जाळीचा लावायला सोपा, पण तुकड्याची पाठ जाळीने आणि तिच्या गोंदाने थोडी झाकलेली राहते, त्यामुळे अढेसिव्हला पूर्ण धरता येत नाही. सतत पाण्यात राहणाऱ्या जागी कागदाचा शीट चांगला. पोहण्याच्या तलावांत बऱ्याचदा तोच वापरतात. मी कागदाचा घेतला. दुकानाने पाठवलेल्या खोक्यांवरचे बॅच नंबर दोन निघाले, आणि उघडून शेजारी ठेवल्यावर हिरव्यातला फरक नुसत्या डोळ्यांना दिसत होता. एका बॅचची खोकी परत करून सगळा माल एकाच बॅचचा मागवला. त्यात काही आठवडे गेले. मिस्त्रींनी तोवर भिंत तयार केली.

भिंतीबद्दल त्यांचं वाक्य मला पाठ झालंय: "मोठी टाइल भिंतीचे दोष पोटात घालते, बारीक टाइल चुगली करते." चार फुटांची टाइल भिंतीतला खड्डा ओलांडून जाते. वीस मिलिमीटरचा तुकडा प्रत्येक खड्ड्यात उतरतो आणि प्रत्येक उंचवट्यावर चढतो. त्यात काच असल्यामुळे तिरप्या उजेडात प्रत्येक तुकडा वेगळ्या दिशेला चमकतो आणि भिंत लाटांची दिसते. प्लास्टर ओळंब्यात घेतलं, दोन मीटरचा पाटा सगळ्या दिशांनी फिरवला, जिथे फट दिसली तिथे पुन्हा भरलं. त्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात. कोपऱ्यांत आणि पाणी जाण्याच्या तोंडाभोवती जाळीची पट्टी बसवून तिसरा. मग दार अडवून पाणी कोंडून ठेवलं, दोन दिवस. काकू दर थोड्या वेळाने छत बघत होत्या. कोरडं राहिलं, तेव्हाच पुढचं काम.

मांडणीचा विचार आम्ही आधी कागदावर केला. काच कापता येते, चाकाच्या चिमट्याने, पण कापलेली ओळ नजरेत खुपतेच. यावर उपाय मला भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात सापडला. १८७२ साली उघडलेल्या त्या इमारतीत इंग्लंडच्या मिंटन कंपनीच्या टाइल्स आहेत. मी वस्तूंपेक्षा जास्त वेळ जमिनीकडे बघत होते. नक्षी भिंतीपर्यंत नेलेलीच नाही. ती आधीच एका काठात संपते, आणि काठ ते भिंत या पट्ट्यात साध्या टाइल. खोलीच्या मापातलं कमीजास्त सगळं त्या साध्या पट्ट्याने सोसलेलं. अशा विलायती टाइलला देशी पर्याय म्हणून १९२२ साली मुंबईत भारत फ्लोअरिंग्ज सुरू झाली, स्वदेशीच्या दिवसांत, आणि तिच्या सिमेंटच्या नक्षीदार लाद्या कितीतरी जुन्या घरांत पोचल्या. त्यांतही तीच रीत दिसते: मधे गालिचा, भोवती काठ, कडेला साधी लादी. आम्ही शॉवरच्या भिंतीवर मोझॅकची रुंदी पूर्ण तुकड्यांत बसेल तेवढीच घेतली आणि दोन्ही बाजूंना उरलेली जागा मोठ्या पांढऱ्या टाइलला दिली. एकही काच कापावी लागली नाही. कोनाड्याचं मापही तसंच, तुकडे मोजून आधी ठरवलं आणि मग वीटकाम केलं.

अढेसिव्ह पांढरंच हवं. काचेतून मागचं दिसतं, करड्या अढेसिव्हने रंग मरतो. दातेरी थापीने ते ओढल्यावर उठलेल्या रेघाही काचेतून दिसतात, म्हणून मिस्त्री थापीच्या सपाट बाजूने त्या पुन्हा बसवत होते आणि मगच शीट लावत होते. लाकडी ठोकळ्यावर रबर लावून हलके ठोके. थोड्या वेळाने ओल्या स्पंजने कागद भिजवायचा. तो गडद होतो, कोपरा सुटतो, आणि तिरपा, भिंतीला समांतर ओढला की सरकन निघतो. आतून एकदम तो हिरवा उघडा पडतो. याच वेळी अढेसिव्ह अजून नरम असतं, म्हणून वाकडे तुकडे बोटाने सरळ करता येतात. दोन शीटमधला सांधा आणि शीटच्या आतला सांधा सारखाच राहिला पाहिजे, नाहीतर भिंतीवर चौकोनांची जाळी उमटते. मिस्त्री प्रत्येक शीटनंतर चार पावलं मागे यायचे, डोळे बारीक करून बघायचे आणि परत जाऊन एखादी ओळ सरकवायचे. अशा कामाची मजुरी मोठ्या टाइलच्या दुपटीहून जास्त होते, आणि ती दिली पाहिजे. एवढ्या बारकाईचं काम चौरस फुटाच्या नेहमीच्या भावात मागणं मला अन्यायाचं वाटतं.

ग्राउट एपॉक्सीचं घेतलं. ते पाणी शोषत नाही, त्यावर बुरशी सहजी धरत नाही. पण ते कालवलं की पाऊण तासाच्या आत संपवावं लागतं, आणि एप्रिलमध्ये त्याहूनही लवकर. थोडं थोडं कालवायचं, रबरी पाट्याने तिरपं भरायचं, आणि काचेवरचा चिकट थर कोमट पाण्याने लगेच पुसायचा. वाळल्यावर तो निघता निघत नाही. एक माणूस भरायला आणि एक पुसायला, असेच दोघं हवेत.

शॉवरच्या जमिनीला काच नाही घातली. ओल्या साबणावर ती निसरडी. तिथे एक इंची षटकोनी पोर्सलीन मोझॅक, बिनचमकीचं. जमिनीचा उतार चारही बाजूंनी जाळीकडे, मीटरला दीड-दोन सेंटीमीटर. मोठी टाइल घातली असती तर ती कोपऱ्यातून जाळीपर्यंत तिरपी कापावी लागली असती. बारीक षटकोन उताराबरोबर न कापता वळतात, आणि इतके सांधे असल्यामुळे पाय धरून राहतो. सासूबाईंनी पहिल्या अंघोळीनंतर सांगितलं, "इथे भिंतीला हात लावावा लागत नाही." या कामाबद्दल मला मिळालेलं सगळ्यात मोलाचं मत ते.

स्वयंपाकघरात शेगडीमागे मी मोझॅक लावलं नाही. रोजची फोडणी, हळदीचे शिंतोडे आणि इतके सांधे, हे जमणारं नाही. तिथे एक सलग मोठी टाइल आहे.

*

आता गच्ची. तिथे १९७८ पासून चायना मोझॅक आहे, म्हणजे फुटक्या पांढऱ्या चिनीमातीच्या टाइलचे तुकडे सिमेंटमध्ये बसवलेले. खाली ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, उतार दिलेला, वर हे तुकडे. पांढऱ्या चकाकीमुळे ऊन परततं, आणि तुकड्यांमधून पाणी मुरायला वाव कमी. कठडा आणि गच्ची जिथे मिळतात तिथे कोपरा न ठेवता गोलाई दिलेली असते. मिस्त्री तिला वाटा म्हणतात. अख्खी टाइल त्या गोलाईवर बसूच शकत नाही, फुटके तुकडे बसतात. याच गुणामुळे पुण्यात जन्मलेल्या वास्तुकार बाळकृष्ण दोशींनी अहमदाबादच्या आपल्या 'संगत' या स्टुडिओच्या कमानदार छपरांवर चायना मोझॅक वापरलं. ती छपरं मी पाहिली आहेत. मे महिन्याच्या उन्हात डोळे दिपतात, पण आत सुखद गारवा असतो.

आमच्या गच्चीचा वाटा दोन ठिकाणी सुटला होता. खोलीच्या भिंतीला जी ओल येत होती ती तिथूनच. तेवढाच भाग फोडला, आतला कोबा पक्का होता. वर बसवायला तुकडे हवे होते, आणि खाली बाथरूममधून निघालेल्या आठ बाय आठच्या टाइलचा ढीग पडलेला. पाठीचं जुनं सिमेंट छिन्नीने साफ करून मिस्त्रींच्या बिगाऱ्याने त्यांचे तुकडे केले. फार मोठे घेतले तर गोलाईवर कडा उचलतात, फार बारीक घेतले तर सांधेच वाढतात. दीड-दोन इंचाचा तुकडा बरोबर. तासाभरात मीही बसवायला लागले. दोन तुकड्यांच्या तिरक्या कडा जुळतील असा शोध घेत बसायचं. या कामात दुपार कशी जाते कळत नाही. चकाकीची बाजू वर, तुकडा सिमेंटच्या ओल्या थरात किंचित दाबलेला, पाणी ज्या दिशेने वाहतं त्या दिशेला कुठेही कड उभी राहणार नाही हे बोट फिरवून बघायचं. जून, जुलै, ऑगस्ट गेले, भिंत कोरडी आहे.

कामवाल्या मावशींना मी एकच गोष्ट दाखवून ठेवली आहे. बाथरूमचं तीव्र ॲसिड हॉलच्या लादीवर कधीही जायचं नाही. मार्बल आणि सिमेंट दोन्हीला ते खातं, तकाकी जाऊन पांढुरका डाग उरतो. लिंबू, व्हिनेगर सांडलं तरी लगेच पुसायचं. साधं पाणी आणि सौम्य साबण पुरतो. काचेच्या भिंतीवरून अंघोळीनंतर रबरी वायपर फिरवला की क्षार धरत नाहीत.

उरलेले चार शीट बॅच नंबर लिहून माळ्यावर ठेवले आहेत, सोबत कपाटाखालच्या लाद्यांतल्या शिल्लक लाद्या आणि एका डब्यात विटकरी चिप्स. डब्यावर पट्टीच्या मालाचं माप लिहिलंय: सिमेंट किती, करडं किती, ऑक्साइड किती. खालच्या काकूंना त्यांच्या हॉलची लादी राखायची आहे. मिस्त्री पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे येणार आहेत, आणि काकूंच्या स्वयंपाकघराची भिंतही निघणार आहे.